छोट्या पल्स लेझरमध्ये एनर्जी आणि चांगला बीम, दोन्ही कसं जमवायचं?

गोदाकाठचा_गडी (धागाकर्ता), नांदेड

राम राम मंडळी. पीएचडीचं काम चालू आहे, विषय मातीचं लिब्ज. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मातीची दाबून गोळी करायची, तिच्यावर लेझरचा एक पल्स मारायचा, जी ठिणगी उडते तिचा उजेड स्पेक्ट्रोमीटरमध्ये घ्यायचा आणि रेषांवरून लोह-जस्त वगैरे काय काय आहे ते बघायचं. आपल्याकडच्या मातीत जस्ताची आणि लोहाची कमतरता ही जुनीच रड आहे, त्यामुळं बांधावर जाऊन हे करता आलं तर लै कामाचं होईल.

अडचण अशी की लॅबमध्ये जो एनडी-याग (निओडिमियम मिसळलेल्या याग स्फटिकाचा लेझर) आहे तो फ्लॅशलॅम्पवाला, ६ मिमीचा रॉड, २५ सेमीची कॅव्हिटी (दोन आरशांमधली जागा), दोन्ही आरसे सपाट. पल्सला ८० मिलिज्यूल देतो, १० नॅनोसेकंदात. आकडा ऐकायला भारी वाटतो पण एटीएमच्या पावतीवर एक शॉट मारून बघितला तर डाग गोल येतच नाही, एका बाजूला नुसतं काळं, मधे दोन-तीन जागी कागदाचा थर उडून पांढरं पडलेलं, आणि १ हर्ट्झवरून १० हर्ट्झवर नेलं की डागाचा आकारच बदलतो. शिवाय पाण्याचा चिलर सोबत पाहिजे, तो कुठं घेऊन फिरू?

मला पाहिजे ते असं: २० मिलिज्यूल, ५-६ नॅनोसेकंद, १० हर्ट्झ, एम-स्क्वेअर (बीम आदर्श बीमच्या किती पट पसरतो तो आकडा, १ म्हणजे उत्तम) २ च्या आसपास, हेड ३० सेमीच्या आत, पाणी नको, बॅटरीवर चाललं पाहिजे. गाईड म्हणायलेत आहे तोच लेझर घे आणि आरसे जवळ आण, आपोआप छोटा होईल. जमंल का असं?

वाळूजकर_अण्णा

अरे भौ एवढं डोकं कामून लावायलास, फायबर लेझर घे ना. आमच्याकडं एमआयडीसीत मार्किंगला २० वॉटचे फायबर लेझर दिवसभर चालतेत, बीम एकदम फस्टक्लास, पाणी नाही काही नाही, पंख्यावर थंड. मी सर्व्हिसलाच आहे, पाहिजे तर बघायला ये.

गोदाकाठचा_गडी

अण्णा बीम चांगलाय ते मान्य पण त्याचा पल्स बघा. २० वॉटच्या नेहमीच्या मार्किंग मशीनचा एक पल्स जास्तीत जास्त १ मिलिज्यूल आणि लांबी शंभरेक नॅनोसेकंद, म्हणजे पीक पॉवर १० किलोवॉट. मला २० मिलिज्यूल ६ नॅनोसेकंदात पाहिजेत म्हणजे ३ मेगावॉटच्या वर. बारीक फायबरच्या गाभ्यातून एवढी पॉवर काढायला गेलं तर फायबरच फुटतंय.

किरणोत्सव (मूळ परभणी, सध्या इंदूर)

गडी, तुमच्या गाईडसाहेबांना दुखवायचं नाही पण आरसे जवळ आणले तर तुमचा बीम सुधारायच्या ऐवजी आणखी बिघडेल. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी हे बघा की तुम्हाला एनर्जी नक्की कशासाठी पाहिजे. ठिणगी पडायला लागते ती एनर्जी नाही, दर चौरस सेमीवर किती वॉट पडले ते लागतं. समजा ३ मिमीचा बीम आहे आणि १०० मिमीची लेन्स. एम-स्क्वेअर १ असता तर स्पॉट ४५ मायक्रॉनचा, २ असेल तर ९०, आणि १५ असेल तर पावणेसातशे मायक्रॉन. आता तुमचे ८० मिलिज्यूल १० नॅनोसेकंदात म्हणजे ८ मेगावॉट त्या पावणेसातशेच्या स्पॉटवर टाका, साधारण २ गिगावॉट दर चौरस सेमी मिळतात. त्याच लेन्सनं २० मिलिज्यूल ६ नॅनोसेकंदांचे ९० मायक्रॉनवर टाका, ५० गिगावॉट. एनर्जी पावपट आणि मारा पंचवीसपट. कारण स्पॉटचं क्षेत्रफळ एम-स्क्वेअरच्या वर्गानं वाढतं. म्हणून ८० मिलिज्यूलचा मोह आधी सोडा.

आता आरसे जवळ आणल्यावर काय होतं. कॅव्हिटी आखूड केली की उजेडाची एक फेरी लवकर होते, पल्स आखूड होतो, हे चांगलंच. पण साध्या स्थिर कॅव्हिटीत मूळ मोडची (मोड म्हणजे बीममध्ये उजेड आडवा पसरायचा ठरावीक नमुना, मूळ म्हणजे त्यातला सगळ्यात साधा गोल) त्रिज्या ढोबळमानानं वेव्हलेंग्थ गुणिले लांबी भागिले पाय, याच्या वर्गमुळाएवढी असते. २५ सेमीला ती ०.२९ मिमी येते, १० सेमीला ०.१८ मिमी. आणि तुमच्या रॉडची त्रिज्या ३ मिमी! एवढ्या रुंद रॉडमध्ये तो एकटा मोड कोपऱ्यात उभा, बाकीची सगळी जागा वरचे मोड बळकावतात, कारण तिथं पण गेन (उजेड वाढवायची ताकद) आहेच. कागदावर एम-स्क्वेअर रॉडच्या त्रिज्येला मोडच्या त्रिज्येनं भागून वर्ग केला की येतो, म्हणजे तुमचा शंभराच्या घरात जातो. प्रत्यक्षात त्याहून बराच कमी भरतो पण दहाच्या खाली सहजी येत नाही. लांबी कमी केली की तो आकडा वाढणार.

बरं मग आत बारीक छिद्र लावून एकच मोड ठेवू म्हणाल तर एनर्जी जाते. १० सेमीच्या कॅव्हिटीत मोडचं क्षेत्रफळ साधारण ०.००१ चौरस सेमी. बाहेर १ मिलिज्यूल काढायचा आणि आउटपुट आरसा ५० टक्क्यांचा असेल तर आत त्या आरशावर २ मिलिज्यूल आदळतात, गॉसियन बीमच्या (मधे तेज, कडेला मंद) मध्यावर ४ ज्यूल दर चौरस सेमीच्या जवळपास. चांगलं कोटिंग १० नॅनोसेकंदाला १० ज्यूलच्या आसपास सोसतं, आणि पल्स आखूड झाला की सोसण्याची मर्यादा वेळेच्या वर्गमुळानं कमी होते, ५ नॅनोसेकंदाला ७ समजा. म्हणजे आखूड कॅव्हिटीतून एका मोडमध्ये १ मिलिज्यूल आरामात, २ म्हणजे कोटिंगशी जुगार. वीस विसरा. आरशाच्या वक्रतेची त्रिज्या फार मोठी घेऊन मोड थोडा फुगवता येतो पण मग आरसा केसभर हलला की लेझर बंद.

छोटा, एनर्जीवाला, चांगल्या बीमचा, तिन्ही एका साध्या कॅव्हिटीत मिळत नाहीत ते यामुळं.

ढगाळ_वातावरण, धाराशिव

साध्या कॅव्हिटीत नाही मिळत, मान्य. अनस्टेबल रेझोनेटर आहे की. बीम प्रत्येक फेरीला फुगत फुगत जातो, पूर्ण रॉड भरतो, मोड एकच राहतो. ४ मिमीच्या रॉडमधून वीस-तीस मिलिज्यूल एका झटक्यात. अॅम्प्लिफायर नाही, दुसरा रॉड नाही, दुसरा डायोड ड्रायव्हर नाही.

लातूरची_डोळेवाली

मी यातली नाही, डोळ्याची डॉक्टर आहे, पण वाचून राहवलं नाही म्हणून लिहायले. आमच्या ओपीडीत रोज जो याग वापरतो तो म्हणजे हाच ना? मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर काही महिन्यांनी-वर्षांनी कृत्रिम लेन्सच्या मागचा पडदा धूसर होतो, पेशंट म्हणतेत की डॉक्टर परत मोती आला, तर तो पडदा यागनं मधोमध फाडतो, टाका नाही भूल नाही. तिथं एक शॉट १ ते ५ मिलिज्यूलचा असतो फक्त आणि तरी ठिणगी पडते, कारण किरण रुंद कोनातून येऊन दहाएक मायक्रॉनच्या ठिपक्यावर जमतात. जास्त एनर्जी लावली तर उलटं नुकसान, कृत्रिम लेन्सलाच खड्डे पडतेत. त्यामुळं किरणोत्सव सरांचं म्हणणं मला एकदम पटलं. आमचं मशीन टेबलावर मावतं, त्याच्या आत काय असतं हे आज पहिल्यांदा कळायलंय.

किरणोत्सव

डॉक्टर, हो, तोच एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर. तुमचं उदाहरण माझ्या गणितापेक्षा भारी आहे.

ढगाळ, अनस्टेबलला माझा विरोध नाही, पण साधा कडेवाला आरसा लावला तर बाहेर येणारा बीम मेदूवड्यासारखा, मधे भोक. मॅग्निफिकेशन, म्हणजे एका फेरीत बीम किती पट फुगतो ते, १.८ धरलं तर एका फेरीत ६९ टक्के उजेड कडेनं बाहेर आणि मध्यभाग रिकामा. लांबवर तो भरून येतो पण भोवती कडी राहतात. म्हणून गॉसियन रिफ्लेक्टिव्हिटीचा आरसा लागतो, मधे जास्त परावर्तन आणि कडेला हळूहळू शून्य. तो चांगला मिळाला तर बीम सुंदर येतो. पण तसलं कोटिंग आपल्या मापाचं करून मागवायचं म्हणजे एका नगासाठी कोण करून देतो, आणि किती महिन्यांनी.

ढगाळ_वातावरण

महाग पडतं हे खरं. पण एकदा आणला की आणला. आणि अनस्टेबलवर नेहमीचा आरोप असतो की थर्मल लेन्स बदलली की सगळं गणित हुकतं, तो १० हर्ट्झला लागू नाही. डायोडनं पंप केला, म्हणजे लॅम्पऐवजी डायोड लेझरचा उजेड रॉडमध्ये भरला, तर रॉडमध्ये उष्णता राहते एक-सव्वा वॉट, ४ मिमीच्या रॉडमध्ये तेवढ्यानं लेन्स बनते ती पंचवीस-तीस मीटर फोकल लांबीची. नसल्यात जमा.

परभणीचा_पोरगा

माझा बाळबोध प्रश्न, थर्मल लेन्स म्हणजे काय नक्की? आणि धागाकर्त्याचा डाग १० हर्ट्झला बदलतो तो याच्यामुळंच का?

किरणोत्सव

हो, बहुतेक त्याच्यामुळंच. रॉडचा मधला भाग तापतो, कड कूलिंगमुळं थंड राहते, यागचा अपवर्तनांक तापमानाबरोबर वाढतो म्हणून मधे तो जास्त होतो आणि अख्खा रॉड भिंगासारखं काम करतो. फ्लॅशलॅम्पला शॉटमागं २५ ज्यूल देत असाल तर १० हर्ट्झला २५० वॉट झाले, त्यातले चार-पाच टक्के रॉडमध्ये उष्णता म्हणून मुरतात, म्हणजे १०-१२ वॉट, आणि ६ मिमीच्या रॉडला भिंग पाच-सहा मीटरचं होतं. १ हर्ट्झला तेच पन्नास-साठ मीटरचं. दोन सपाट आरशांच्या कॅव्हिटीला एवढा फरक पुरतो मोड बदलायला. डायोडचा फायदा हा की ८०८ नॅनोमीटरचा उजेड यागला नेमका पाहिजे तोच असतो, लॅम्पसारखा सगळ्या रंगांचा ढीग नाही, त्यामुळं फुकटची उष्णता फार कमी. तरी ८०८ चे १०६४ होताना २४ टक्के जातातच, त्याला इलाज नाही. ८८५ नॅनोमीटरनं पंप केलं तर ते १७ वर येतं पण तिथं शोषण कमी, छोट्या रॉडला परवडत नाही.

वाळूजकर_अण्णा

तुमचं चालू द्या पण एक मधे बोलतो. त्या जुन्या लॅम्पवाल्याचा कपॅसिटर खोलायच्या आधी दांड्याला रेझिस्टर बांधून डिस्चार्ज करा आणि नंतर दोन्ही टोकं शॉर्ट करून ठेवा. हजार व्होल्ट असतेत त्यात, मेन बंद केला म्हणून बिनधास्त हात घालू नका. आणि १०६४ डोळ्याला दिसत नाही, चकाकलेल्या स्क्रूवरून परत आलेला किरण पण डोळ्याचा पडदा जाळतो, दुखत सुद्धा नाही. १०६४ चाच गॉगल पाहिजे, वेल्डिंगचा नाही. आमच्याकडं पोरं गॉगल कपाळावर लावून फिरतेत, लै राग येतो.

लातूरची_डोळेवाली

अण्णांना शंभर टक्के अनुमोदन.

औंढ्याचा_नाथ

आमच्या औंढा नागनाथला लायगो, ती गुरुत्वीय लहरी मोजायची वेधशाळा, व्हायलंय, तिथं पण हाच लेझर का?

किरणोत्सव

वेव्हलेंग्थ तीच, १०६४, आणि मूळ स्रोत पण एनडी-याग, पण तो सलग चालणारा, पल्स नाही. तिथं बीमची शुद्धता फार कडक लागते, मूळ मोड सोडून बाकी सगळं गाळून टाकायला वेगळी कॅव्हिटीच लावतात. २०१६ ला तत्त्वतः मंजुरी आणि २०२३ ला पूर्ण मंजुरी मिळाली आहे, तुमच्या गावात लेझरवाल्यांची वर्दळ वाढणार बघा.

परभणीचा_पोरगा

मग डायोड घेतला की झालं का काम? मे महिन्यात आमच्याकडं ४३-४४ होतं, त्याला काय करणार?

गोदाकाठचा_गडी

हेच मला पण विचारायचं होतं. डायोडची वेव्हलेंग्थ डिग्रीला ०.३ नॅनोमीटरच्या आसपास सरकते. जानेवारीत पहाटे बांधावर १२ डिग्री, मे मध्ये दुपारी ४३, म्हणजे नऊएक नॅनोमीटरचा फरक. आणि यागचं ८०८ चं शोषण दीड-दोन नॅनोमीटर रुंदीचं. लॅबमध्ये एसीत सगळं गोड चालंल आणि शेतात गेल्यावर निम्मा उजेड रॉडच्या पलीकडून निघून जाईल.

किरणोत्सव

हा प्रश्न मराठवाड्यातल्या माणसालाच पडणार :) आणि खरं सांगायचं तर तुमच्या डिझाइनमधली सगळ्यात मोठी अडचण मोडची नाही, हीच आहे.

तीन वाटा. एक, डायोडखाली पेल्टिअर (विजेवर थंड करणारी चकती) लावून तापमान धरून ठेवायचं. जमतं, पण ४३ च्या उन्हात पेल्टिअर स्वतःच एवढं खातो की बॅटरी लेझरला कमी आणि त्याला जास्त. दोन, समोर ग्रेटिंग (ठरावीक वेव्हलेंग्थच परत पाठवणारी पट्टी) लावून वेव्हलेंग्थ बांधलेले डायोड घ्यायचे, ते डिग्रीला ०.०१ नॅनोमीटरच्या आसपासच सरकतात, पण एका मर्यादेपर्यंतच लॉक राहतात आणि महाग. तीन, जी मला आवडते, पंपाचा उजेड रॉडच्या टोकातून लांबीच्या दिशेनं घालायचा. बाजूनं पंप केलं तर उजेडाला ४ मिमीच मिळतात, टोकातून घातला तर चाळीस-पन्नास मिमी. डायोड सरकला तरी एवढ्या लांबीत बराचसा उजेड मुरतोच. त्यात दोन-तीन वेगवेगळ्या वेव्हलेंग्थचे बार एका स्टॅकमध्ये घेतले की एक सरकला तर दुसरा जागेवर येतो.

मंगळावरच्या क्युरिओसिटीचा केमकॅम २०१२ पासून दगडांवर हेच लिब्ज करतोय, ७ मीटरपर्यंतच्या. १४ मिलिज्यूल, ५ नॅनोसेकंद. त्यांनी याग घेतलाच नाही, एनडी-केजीडब्ल्यू (निओडिमियमचाच, पण वेगळा स्फटिक) घेतला, १०६७ नॅनोमीटरचा, कारण त्याचं शोषण रुंद आहे आणि डायोडचं तापमान थोडं इकडंतिकडं झालं तरी चालतं. आणि रचना कोणती? छोटा ऑसिलेटर (पल्स तयार करणारा छोटा लेझर) आणि मागं अॅम्प्लिफायर (तोच पल्स वाढवणारा दुसरा रॉड). ढगाळ, बघा.

ढगाळ_वातावरण

बघितलं. पण त्यांचं बजेट आणि याचं बजेट.

किरणोत्सव

बजेटवरच येतो. १ मिलिज्यूलचा ऑसिलेटर म्हणजे काय, एनडी-यागचा एक तुकडा, त्याला लागून क्रोमियम-यागचा सॅच्युरेबल अॅब्सॉर्बर, आणि एक आरसा. पॉकेल्स सेल (व्होल्टेजवर चालणारं उजेडाचं झडप) नाही, त्याचे तीन-चार हजार व्होल्ट नाहीत. अॅब्सॉर्बर स्वतःच उजेड साठेपर्यंत अडवतो आणि मग एकदम पारदर्शक होतो. पंपाचा स्पॉट मोडएवढाच ठेवला की दुसऱ्या मोडला गेनच मिळत नाही, बीम आपोआप एक मोडचा. कॅव्हिटी काही सेंटीमीटरची, पल्स तीन-पाच नॅनोसेकंद.

मग अॅम्प्लिफायर. ४ मिमीचा रॉड, क्षेत्रफळ ०.१२६ चौरस सेमी. यागचा सॅच्युरेशन फ्लुएन्स (दर चौरस सेमीला एवढी एनर्जी गेली की साठा झपाट्यानं रिकामा होतो) ०.६७ ज्यूल दर चौरस सेमी. रॉडमध्ये १५० मिलिज्यूल साठवले तर एका फेरीचा गेन सहाच्या जवळ. १ मिलिज्यूल घातला की पहिल्या फेरीत साडेपाच-सहा, परत फिरवून दुसऱ्यात २८. कागदावर हं. प्रत्यक्ष बीम रॉड पूर्ण भरत नाही, काही पोलरायझरवर जातं, २० धरा. म्हणजे तुमचा आकडा आला. आणि बीम मोठा असल्यामुळं कोटिंगवर ताण किती, तर एका ज्यूलच्याही आत. जळायचं भयच संपलं.

१५० साठवायला डायोडचे साधारण ४०० मिलिज्यूल लागतील २३० मायक्रोसेकंदात, यागमध्ये साठा तेवढाच वेळ टिकतो म्हणून पंप त्याहून लांब ठेवून फायदा नाही. पावणेदोन किलोवॉट पीक, पण १० हर्ट्झला सरासरी विजेच्या हिशोबात आठ-दहा वॉट. बॅटरीवर आरामात, आणि उष्णता अॅल्युमिनियमच्या बॉडीतच जिरते, पाणी नको.

हावरेपणा करून ३०० साठवायला जाऊ नका, एका फेरीचा गेन ३५ च्या घरात जातो आणि मग रॉडच्या टोकावरचं टक्काभर परावर्तन सुद्धा पुरतं, पल्स यायच्या आधीच साठा आपापसात गळून जातो. टोकं जराशी तिरकी आणि बाजू खरबरीत ठेवायची ती यासाठीच.

ढगाळ_वातावरण

आणि दुसऱ्या फेरीतून काही परत ऑसिलेटरमध्ये शिरलं तर? अनस्टेबलला हे दुखणं नाही.

किरणोत्सव

हे दुखणं आहे, शंकाच नाही. ऑसिलेटर आणि अॅम्प्लिफायरच्या मधे फॅरडे आयसोलेटर (उजेड एकाच दिशेनं जाऊ देणारा) लावायचाच, त्यात काटकसर नाही. अॅम्प्लिफायरच्या मागं पण क्वार्टर वेव्ह प्लेटच्या (परत आलेला उजेड पोलरायझरवर वेगळा काढता यावा म्हणून नेहमी लावतात ती) जागी ४५ अंशाचा फॅरडे रोटेटर लावला तर रॉडमधल्या उष्णतेनं पोलरायझेशन बिघडतं ते दुसऱ्या फेरीत बरंचसं भरून निघतं. १० हर्ट्झला गरज नाही, पुढं १०० वर जायचं असेल तर आठवण ठेवा.

तुमचा एक पॉइंट मात्र मी मानतो, भाग कमी. पण ते भाग हलले तर काय, हा प्रश्न आहे. अनस्टेबलमध्ये आरसा हलला की एनर्जी आणि बीम दोन्ही जातात. इथं ऑसिलेटर एका तुकड्यात चिकटवलेला आहे, हलायला काही नाही, अॅम्प्लिफायर थोडा हलला तर दोन-चार मिलिज्यूल कमी येतील, बीम तसाच राहील. हलण्याचीच भीती असेल तर क्रॉस्ड पोरो प्रिझमची (आरशांऐवजी एकमेकांना आडवे दोन काटकोनी प्रिझम) कॅव्हिटी पण आहे, मंगळाभोवती फिरून उंची मोजणाऱ्या मोलामध्ये तीच होती, पण तिचा बीम एवढा चांगला नसतो.

वाळूजकर_अण्णा

चिकटवायचं म्हणलात म्हणून सांगतो, आत फेविक्विक लावू नका कुणी. त्याची वाफ आरशावर पांढरी बसते आणि पुढच्या शॉटला तिथंच कोटिंग उडतं. सर्व्हिसला आलेल्या निम्म्या हेडमध्ये हाच घोळ असतो. आणि काळ्या मातीची धूळ! खिडकीची काच बदलता येईल अशी ठेव, मागचा डबा ओरिंग लावून बंद, आत सिलिका जेलची पुडी.

गोदाकाठचा_गडी

ठरलं, ऑसिलेटर-अॅम्प्लिफायर. ढगाळ भाऊ नाराज होऊ नका, गावाकडच्या रस्त्यानं जीपमध्ये घालून न्यायचं आहे म्हणून, नाहीतर तुमचंच ऐकलं असतं. एक शंका राहिली, क्रोमियम-यागचा पल्स नक्की कधी सुटंल ते सांगता येत नाही, काही मायक्रोसेकंद मागंपुढं होतो. स्पेक्ट्रोमीटर ठिणगीनंतर मायक्रोसेकंदभर थांबून उघडायचा असतो, सुरुवातीचा पांढरा झगमगाट जाऊ द्यायला. मग वेळ कशी जुळवू?

किरणोत्सव

डायोडच्या ट्रिगरवर भरवसा ठेवूच नका. बीममधला टक्काभर उजेड एका फास्ट फोटोडायोडवर घ्या, पल्स सुटला की त्यानंच स्पेक्ट्रोमीटरला सांगायचं. पल्स कितीही मागंपुढं झाला तरी मोजणी पल्सपासूनच.

आणि एम-स्क्वेअर मोजताना एका जागचा फोटो काढून आकडा छापू नका. लेन्सनं फोकस करून किमान दहा जागी रुंदी मोजायची, निम्म्या फोकसच्या एका रेले लांबीच्या (फोकसपासून जिथं बीमचं क्षेत्रफळ दुप्पट होतं तेवढं अंतर) आत आणि निम्म्या दोन रेले लांबीच्या पलीकडं, आयएसओ १११४६ मध्ये तसंच आहे. कॅमेऱ्याच्या आधी उजेड कमी करायला काळे फिल्टर पहिल्यांदा लावू नका, ते तापून स्वतःच बीम वाकडा करतात. आधी दोन काचेच्या वेजवरून परावर्तन घ्या, प्रत्येकीवरून चारेक टक्केच येतं, उरलेलं बीम डंपमध्ये, फिल्टर त्याच्या नंतर.

वाळूजकर_अण्णा

बीम डंप मी लेथवर करून देतो. अॅल्युमिनियमचा कोन, काळा अॅनोडाइज. वाळूजला ये एखाद्या शनिवारी, येताना रॉडचं ड्रॉइंग घेऊन ये म्हणजे होल्डरचं पण बघून टाकू.